खासगी थेरपिस्टकडे पहिल्यांदा जाताना: काय घडते आणि काय विचारावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. अंबड तालुक्यातील एका शिक्षिकेला गेल्या काही महिन्यांत एसटीने शाळेत जाताना अचानक छातीत धडधड झाली, हातापायांना मुंग्या आल्या आणि आता आपले काही खरे नाही असे वाटले. असे एकदा नव्हे, अनेकदा घडले. जालन्याच्या डॉक्टरांनी ईसीजी, टू-डी इको आणि रक्ताच्या तपासण्या केल्या, हृदयात दोष नसल्याचे सांगितले आणि छत्रपती संभाजीनगरला एखाद्या खासगी थेरपिस्टकडे जाण्याचा सल्ला दिला. अपॉइंटमेंट मिळाली आहे. पण तिथे नेमके काय होते, पहिल्याच दिवशी सगळे सांगावे लागते का, गोळ्या सुरू होतात का, किती दिवस जावे लागते आणि सासरी किंवा शाळेत कळले तर काय, हे त्यांना विचारायचे आहे. पतीला ठाऊक आहे, सासूबाईंना नाही.

ताई, तुमच्या डॉक्टरांनी आधी शरीराच्या तपासण्या करून घेतल्या आणि मगच तुम्हाला इकडे पाठवले, हा क्रम अगदी योग्य आहे. थायरॉइडचा दोष, रक्त कमी असणे, साखर एकदम उतरणे किंवा हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता यांमुळेही धडधड आणि घाबरेपणा होऊ शकतो, म्हणून जबाबदार थेरपिस्ट पहिल्या भेटीतच या तपासण्यांची चौकशी करतो. सगळ्या अहवालांची फाइल सोबत न्या. सध्या चालू असलेली औषधे, अगदी गर्भनिरोधक गोळ्या किंवा आयुर्वेदिक काढा असला तरी, सांगा. दिवसाला किती वेळा चहा होतो हेही विचारले जाईल आणि त्याला कारण आहे, कारण चहा-कॉफीतील कॅफिनमुळे काही जणांची धडधड वाढते.

आपण कोणाकडे जात आहोत हे आधी नीट कळून घ्यावे. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस झाल्यावर मानसोपचार या विषयात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेले डॉक्टर. मानसिक आजारावरच्या गोळ्या ते लिहून देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गोळ्या देत नाहीत. त्यांनी बहुधा एमएनंतर दोन वर्षांचे एमफिल केलेले असते आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्यांची नोंदणी असते. समुपदेशक या पाटीमागे मात्र सर्वत्र एकच नोंदणी किंवा एकच पदवी असेलच असे नाही. काही समुपदेशक उत्तम शिकलेले आणि अनुभवी असतात, तर काहींनी थोड्या दिवसांचा अभ्यासक्रम केलेला असतो. म्हणून फोनवरच शिक्षण, नोंदणी आणि अशा तक्रारींवर काम केल्याचा अनुभव विचारावा. हा प्रश्न उद्धटपणाचा नाही, आणि ज्याला तो उद्धटपणाचा वाटेल त्याच्याकडे न गेलेले बरे. त्याच फोनवर सत्राची फी, सत्राचा वेळ, अपॉइंटमेंट रद्द करावी लागली तर किती आधी कळवायचे आणि फी भरावी लागते का, हेही विचारून घ्यावे. मला माहीत असलेल्या ठिकाणी एका सत्राची फी साधारण पाचशे रुपयांपासून दीड-दोन हजारांपर्यंत असते आणि सत्र ४५ ते ६० मिनिटांचे असते. दहा-पंधरा सत्रांचे पैसे एकदम आगाऊ मागितले तर ते मान्य करू नये.

आता पहिल्या भेटीविषयी. ही भेट बहुतांशी माहिती घेण्याची असते, आणि त्यामुळेच अनेकांची निराशा होते. अंबडहून तासा-दीड तासाचा प्रवास करून, शाळेची रजा टाकून जायचे आणि उपायाऐवजी प्रश्नच ऐकून परतायचे, हे कोणालाही खटकेल. पण त्या प्रश्नांतूनच पुढच्या कामाची दिशा ठरते. पहिला झटका कधी आला, त्याआधीच्या आठवड्यांत घरात आणि शाळेत काय चालले होते, झोप आणि भूक कशी आहे, आई-वडिलांच्या घराण्यात कोणाला असा त्रास होता का, बाळंतपणे, गर्भपात, मोठे आजार, जवळच्या कोणाचा मृत्यू, पैशाची ओढाताण, व्यसन, घरात मारहाण किंवा धाक आहे का, असे सगळे क्रमाने विचारले जाते. काही ठिकाणी प्रश्नावली भरून घेतात. नैराश्यासाठी वापरली जाणारी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची असून मागच्या दोन आठवड्यांविषयी विचारते; प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण असतात. चिंतेसाठी जीएडी-७ अशीच सात प्रश्नांची आहे. या चाचण्यांत पास-नापास काही नसते. महिना-दोन महिन्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरली की फरक पडला की नाही हे आकड्यात दिसते, एवढाच तिचा उपयोग.

एक प्रश्न ऐकून तुम्ही दचकू नये म्हणून आधीच सांगतो. जीव द्यावा असे कधी मनात येते का, हे तुम्हाला स्पष्ट शब्दांत विचारले जाईल. हा प्रश्न प्रत्येकाला विचारतात. विचारल्यामुळे तसा विचार डोक्यात शिरतो ही समजूत खरी नाही. उलट ज्याच्या मनात तो विचार असतो, त्याला कोणीतरी सरळ विचारल्याने हायसे वाटते. उत्तर हो असेल तर ते दडवू नका. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षेऐवजी मदत द्यावी, हे तत्त्व २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मान्य केलेले आहे.

पहिल्याच दिवशी सगळे सांगावे लागत नाही. जे सांगवत नाही त्याविषयी “हे आत्ता नको, पुढे सांगेन” एवढे म्हटले तरी चालते, आणि चांगला थेरपिस्ट त्या ठिकाणी थांबतो. माझे म्हणणे एवढेच की खोटे सांगू नये. गप्प राहिल्याने काम थोडे लांबते, पण चुकीची माहिती दिली तर सगळे काम चुकीच्या दिशेला जाते. त्याचप्रमाणे आधी एखाद्या भगताकडे, दर्ग्यावर किंवा देवस्थानी जाऊन आला असाल, दोरा बांधला असेल, नवस बोलला असेल, तर तेही मोकळेपणाने सांगावे. आपल्या भागात माझ्याकडे येणारे बहुतेक लोक आधी तिकडे जाऊन आलेले असतात. कुटुंबाने या त्रासाचा काय अर्थ लावला आहे हे त्यातून कळते, आणि त्यावर हसणारा किंवा रागावणारा थेरपिस्ट कामाचा नाही.

सोबत कोणी यावे का? पती आले तर चांगलेच, परंतु सत्राचा मोठा भाग तुमच्या एकटीसोबतच व्हायला हवा. आपल्याकडे रुग्णासोबत दोन-तीन माणसे येतात आणि रुग्णाच्या वतीने तीच बोलतात. “तिला काय सांगता येतंय, मीच सांगतो” हे वाक्य मी मराठवाड्यातल्या प्रत्येक जिल्ह्यातल्या माणसांच्या तोंडून ऐकले आहे. त्यामागे काळजी असते हे खरे, पण त्यामुळे मूळ गोष्ट दारातच अडते. तुम्ही आत जाताच “आधी मला एकटीला बोलायचे आहे, शेवटची दहा मिनिटे यांना बोलवा” असे सांगावे.

गोपनीयतेचा प्रश्न तुम्ही सर्वात शेवटी विचारला आहे, पण तुमच्या मनात तो सर्वात आधी असणार. २९ मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार घेणाऱ्या व्यक्तीला गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे. तुमच्या संमतीशिवाय तुमची माहिती सासूबाईंना, मुख्याध्यापकांना किंवा संस्थेला देण्याचा अधिकार थेरपिस्टला नाही. पतीने फोन करून “काय म्हणाली ती” असे विचारले तरी नाही. याला मोजकेच अपवाद आहेत: तुमच्या स्वतःच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल तर, न्यायालयाने आदेश दिला तर, आणि अल्पवयीन मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर, कारण २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार त्याची खबर देणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. हे अपवाद पहिल्याच सत्रात थेरपिस्टने स्वतःहून सांगायला हवेत. सांगितले नाहीत तर विचारावेत.

कायद्यापलीकडच्या काही व्यवहारातल्या गोष्टी सांगतो, कारण बातमी फुटते ती बहुधा तिथूनच. अपॉइंटमेंटची आठवण करून देणारा मेसेज किंवा फोन कोणत्या क्रमांकावर यावा आणि फोन दुसऱ्या कोणी उचलला तर काय सांगावे, हे रिसेप्शनवर आधीच ठरवून घ्यावे. मोबाइल घरात सगळ्यांच्या हातात जात असेल तर सत्रातला गृहपाठ त्यात लिहू नये. प्रतीक्षाकक्षात ओळखीचे कोणी भेटेल या भीतीने पुष्कळ जण जिल्ह्याचे ठिकाण सोडून दूरच्या शहरात जातात. त्यापेक्षा दोन अपॉइंटमेंटमध्ये मोकळा वेळ ठेवणारा थेरपिस्ट शोधला तर प्रवास वाचतो. शाळेत रजेसाठी प्रमाणपत्र लागणार असेल तर त्यावर काय लिहिले जाणार आहे ते आधी वाचून मगच घ्यावे.

दुसऱ्या-तिसऱ्या सत्रापासून खरे काम सुरू होते. तुम्ही वर्णन केलेला त्रास पॅनिक अटॅकसारखा दिसतो. निदान प्रत्यक्ष भेटीतच होईल, पण तसे असेल तर काय घडते ते सांगतो. शरीरात धोक्याच्या वेळी जागी होणारी यंत्रणा धोका नसतानाही जागी होते, ठोके वाढतात आणि श्वास भराभर चालू लागतो. भराभर श्वासाने रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि त्यामुळे मुंग्या येतात, गरगरते, छाती आवळल्यासारखी वाटते. या खुणा हृदयविकाराच्या आहेत असा विचार मनात येतो, त्या विचाराने भीती वाढते आणि भीतीने ठोके आणखी वाढतात. असा झटका बहुधा दहाएक मिनिटांत शिगेला पोचतो आणि मग ओसरतो. परंतु तो ओसरण्याआधीच माणूस मधल्या फाट्यावर बसमधून उतरतो, आणि मनाची खात्री पटते की उतरलो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी दाराजवळची जागाच हवी असते, नंतर सोबत कोणीतरी हवे असते, आणि शेवटी बसच नको होते.

बोधात्मक वर्तनोपचार, म्हणजे इंग्रजी आद्याक्षरांनी ज्याला सीबीटी म्हणतात ती पद्धत, या साखळीवर काम करते. तिची घडण प्रामुख्याने अमेरिकेतील ॲरन बेक यांनी केली. तिच्या जवळची विवेकनिष्ठ उपचारपद्धती अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडली आणि महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी ती मराठीतून रुजवली, त्यामुळे आपल्याकडचे अनेक समुपदेशक तिच्या भाषेत बोलतात. सत्रात तुम्हाला झटक्याची नोंद ठेवायला सांगतील: कुठे होता, मनात कोणता विचार आला, शरीरात काय झाले, तुम्ही काय केले. पुढे सत्रातच मिनिटभर जागच्या जागी धावायला किंवा मुद्दाम भराभर श्वास घ्यायला लावतील, जेणेकरून धडधड आपण स्वतःच निर्माण करू शकतो आणि ती धोकादायक नाही हे अंगाने कळावे. हे ऐकून विचित्र वाटेल, पण चिंतेच्या उपचारातला हा जुना आणि उपयोगी भाग आहे. दमा, फिट किंवा गरोदरपण असेल तर मात्र ते आधी सांगायला हवे. मग बसची तयारी होते: आधी स्थानकात उभ्या असलेल्या बसमध्ये बसणे, नंतर पतीसोबत एक थांबा, नंतर एकटीने एक थांबा, आणि धडधड झाली तरी ती ओसरेपर्यंत न उतरणे. आठवड्याच्या एका तासापेक्षा मधल्या सहा दिवसांत केलेला हा सराव जास्त फळ देतो, आणि जे तो करत नाहीत त्यांची सत्रे वाढत जातात हे मी वारंवार पाहिलेले आहे.

काही सत्रांनंतर त्रास कमी होण्याऐवजी वाढल्यासारखा वाटतो. इतके दिवस दाबून ठेवलेले बोलले गेल्यामुळे एखादी रात्र झोप लागत नाही किंवा विनाकारण रडू येते. दोन-तीन दिवसांत हे निवळते. निवळले नाही, कामावर जाणे अशक्य झाले किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येऊ लागले, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता कळवावे.

मला सर्वात जास्त आग्रहाने सांगायची गोष्ट मात्र वेगळी आहे. थेरपिस्टचे एखादे बोलणे पटले नाही, लागले किंवा समजले नाही, तर ते त्याला तोंडावर सांगा. आपल्याकडे डॉक्टर, गुरुजी आणि वडीलधारे यांच्यासमोर “हे मला पटत नाही” म्हणण्याची रीत नाही. माणूस मान डोलावतो, “हो मॅडम”, “बरोबर आहे सर” म्हणतो, बाहेर पडतो आणि पुन्हा येत नाही. विचारायला फोन केला तर घरी पाहुणे आले होते, पेरणी होती, गावात लग्न होते अशी कारणे मिळतात. काही वेळा ती खरीही असतात, परंतु पुष्कळदा त्यामागे सत्रातले एखादे खटकलेले वाक्य असते. वेगळे राहून पाहा असा सल्ला दिलेला असतो, आणि घरातली जमीन अजून भावाभावांत वाटलेली नाही, वेगळी चूल म्हणजे गावभर चर्चा, हे थेरपिस्टला माहीतच नसते. रोज पहाटे एकटीने फिरायला जा असे सांगितलेले असते आणि त्या वस्तीवर सून एकटी फिरायला निघत नाही. रोज रात्री वही लिहा म्हटलेले असते आणि घरात एकच खोली असते. सल्ला चुकलेला असतो आणि सल्ला घेणारी स्वतःला दोष देत बसते की आपल्याच्याने काही होत नाही.

म्हणून पुढच्या वेळी जाऊन सांगावे: “मागच्या वेळचे ते बोलणे मला लागले”, किंवा “हे आमच्या घरात जमणार नाही, दुसरा मार्ग सुचवा”. तोंडाने सांगणे जड जात असेल तर चिठ्ठीवर लिहून न्यावे आणि सत्राच्या सुरुवातीलाच हातात द्यावे, शेवटच्या पाच मिनिटांत नव्हे. त्यावर थेरपिस्ट काय करतो, यावरून तुम्हाला त्याची सर्वात खरी ओळख होईल. त्याने आपले म्हणणे बाजूला ठेवून “जमणार नाही ते कशामुळे, सविस्तर सांगा” असे विचारले, तर त्याच्यासोबत काम होऊ शकते. तो चिडला, त्याने तुम्हाला हट्टी ठरवले किंवा तोच सल्ला मोठ्या आवाजात पुन्हा दिला, तर तिसऱ्या-चौथ्या सत्रानंतर दुसरे नाव शोधण्यात काहीही वावगे नाही. उपचाराचा परिणाम ज्या गोष्टींवर अवलंबून असतो, त्यांत थेरपिस्ट आणि रुग्ण यांच्यातील विश्वासाच्या नात्याचा वाटा मोठा आहे, हे मानसोपचारावरच्या संशोधनातून सातत्याने पुढे आले आहे. अर्थात पहिल्याच भेटीत मन जुळले नाही म्हणून निर्णय करू नये. अनोळखी माणसासमोर सगळ्यांनाच अवघडल्यासारखे होते.

काही गोष्टींसाठी मात्र थांबून पाहण्याची गरज नाही. एकवीस दिवसांत बरे करण्याची हमी देणे, सत्राबाहेर एकांतात भेटायला बोलावणे, नको असलेला स्पर्श करणे, दुसऱ्या रुग्णांच्या गोष्टी नावानिशी सांगणे, स्वतःचेच खडे, चूर्ण किंवा शिबिरे विकणे, तुमच्या जातीवरून, धर्मावरून किंवा नवऱ्याच्या कमाईवरून बोलणे, यांतले काहीही घडले तर परत जाऊ नये.

गोळ्यांविषयी. थेरपिस्ट डॉक्टर नसेल तर तो गोळी देऊच शकत नाही. त्रास तीव्र असेल, झोप पूर्ण उडाली असेल किंवा नैराश्य जास्त असेल तर तो मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतो. पॅनिकसाठी बहुधा ज्या गटातील गोळ्या देतात, त्यांचा गुण दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि त्यांची सवय लागते ही सर्वसाधारण समजूत बरोबर नाही. मात्र त्या अचानक बंद केल्या तर चक्कर, चिडचिड असा त्रास होतो, म्हणून डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायच्या असतात. सवय लागू शकते ती झोपेच्या आणि तात्पुरत्या शांततेच्या काही गोळ्यांची. औषध दुकानातून चिठ्ठीशिवाय घेतलेल्या अशा गोळ्या चालू असतील तर त्या दाखवाव्यात आणि स्वतःहून एकदम बंद करू नयेत.

किती दिवस जावे लागते? अशा त्रासासाठी साधारण १२ ते २० सत्रे धरावीत, सुरुवातीला आठवड्यातून एक आणि पुढे पंधरा दिवसांतून एक. प्रवास आणि फी दोन्ही जमेना, तर पहिली दोन-तीन सत्रे समोरासमोर आणि नंतरची काही व्हिडिओवर घेता येतात. त्यासाठी घरात दार लावून बसता येईल अशी जागा मात्र हवी, नाहीतर शाळा सुटल्यावरची रिकामी वर्गखोली बरी. तुमच्या वर्षाचे वेळापत्रक थेरपिस्टला आधीच द्यावे. बीडकडची ऊसतोडीला जाणारी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास निघतात ती गाळप संपेपर्यंत परतत नाहीत, आणि हे आधी ठरवले नाही तर चांगले चाललेले काम मध्येच तुटते. परीक्षा आणि निवडणुकीच्या कामामुळे शिक्षकांचेही तसेच होते. फी परवडेनाशी झाली तर तसे सांगावे. पुष्कळ जण कमी करतात, आणि नाही केली तरी सरकारी सोय आहे: संभाजीनगरचे घाटी हे शासकीय रुग्णालय, तसेच अंबाजोगाई, लातूर आणि नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग आहेत. गर्दीमुळे तिथे तासभराचे सत्र मिळणे कठीण असले तरी निदान आणि औषधोपचार नीट होतात. ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेली टेलिमानस ही मानसिक त्रासासाठीची सरकारी फोन-सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र आणि विनामूल्य मिळते. मराठीत बोलता येते.

पहिल्या सत्रातून उठण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: माझ्या त्रासाविषयी तुमचा सध्याचा अंदाज काय आहे, त्यावर आपण कोणत्या पद्धतीने काम करणार, आणि पुढच्या भेटीपर्यंत मी काय करायचे. पहिल्या उत्तरासाठी तो आणखी एखादे सत्र मागेल तर ते रास्त आहे. तिसऱ्या सत्रानंतरही ती उत्तरे मिळाली नाहीत तर पुन्हा विचारावे. त्या दिवशी परतीची लगेचची बस न धरता अर्धा तास मोकळा ठेवा, काही खाऊन घ्या, आणि येताना पती सोबत असले तर सत्रात काय झाले ते बसमध्येच सांगण्याचा आग्रह त्यांनी धरू नये, हे त्यांना सकाळी निघतानाच सांगून ठेवा.